पहिला दिवस बिनटिकावाचा

मी वनस्पतीशास्त्र शिकवते. गेली चार वर्षं आमच्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेची कार्यक्रम अधिकारीही आहे. येत्या सोमवारी चार्ज देणार. हजेरीपट, बिलं, स्वयंसेवकांच्या डायऱ्या, डेडस्टॉकमधले चोवीस टिकाव, तीस फावडी, चाळीस घमेली आणि सहा पहारी हे सगळं सही करून देता येतं. पण माण तालुक्यातल्या एका उघड्या उतारावर चार हिवाळे पन्नास-पन्नास मुलं घेऊन काम करताना जे कळत गेलं, ते कुठल्या रकान्यात लिहायचं ते समजेना. म्हणून इथे लिहिते. माझ्या जागी येणाऱ्या सरांना हा दुवा पाठवणार आहे.

ज्यांना एनएसएस माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २४ सप्टेंबर १९६९ ला, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, ३७ विद्यापीठांत मिळून ४० हजार विद्यार्थ्यांनी ही योजना सुरू झाली. स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास काम करायचं आणि सात दिवसांचं एक विशेष शिबिर करायचं. शिबिर दत्तक गावात. पहाटे प्रभातफेरी, सकाळी श्रमदान, दुपारी बौद्धिक, रात्री सांस्कृतिक कार्यक्रम. मुली शाळेच्या वर्गखोल्यांत झोपतात, मुलगे देवळाच्या सभामंडपात. हा साचा महाराष्ट्रात बहुतेक सगळीकडे सारखाच.

आमचं दत्तक गाव पर्जन्यछायेतलं. याच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. माणमध्ये पाचशेच्या आसपास पडला तरी लोक बरं वर्ष म्हणतात. तोही जूनमधल्या वळवाच्या दोन-चार तडाख्यांत आणि पुढे परतीच्या पावसात उरकतो. गावाच्या पश्चिमेला वन विभागाचा उतार आहे. हद्दीचे दगडी बुरूज आहेत, त्यातले काही ढासळलेले. वर सपाट माळ, खाली मुरमाड उतार, त्यावर पाण्याने कोरलेल्या ओघळी आणि पायथ्याशी गावची शेतं.

पहिल्या वर्षी पहिल्या संध्याकाळी मी मुलांना त्या बुरुजाजवळ बसवून विचारलं होतं, "ही जागा कुणाची?" कुणी म्हणालं फॉरेस्टची, कुणी म्हणालं सरकारची. मागून एक आवाज आला, "कुणाचीच नाही, मॅडम." मी तेव्हा त्यावर छोटंसं भाषण केलं. भाषण करण्याआधी पुढचे सहा दिवस जायला हवे होते, असं आज वाटतं.

त्या वर्षी आम्ही ५२० मीटर सलग समतल चर खणले, म्हणजे पाणी अडवून जिरवायला उतारावर आडवे, एका पातळीत खणलेले लांब खड्डे. वनक्षेत्रपालांच्या कार्यालयातून परवानगीचं पत्र आणलं होतं, वनरक्षकाने जागा दाखवली होती. आम्ही उतारावर दोरी ताणली, चुन्याची फक्की मारली आणि खणायला लागलो. ६० सेंटिमीटर रुंद, ३० सेंटिमीटर खोल. दहा मीटर चर म्हणजे १.८ घनमीटर, म्हणजे काठोकाठ भरला तर अठराशे लिटर पाणी. हे गणित मी रोज सकाळी मुलांना सांगायचे. ती संध्याकाळी टेप लावून मोजायची, आकडा फळ्यावर लिहायची, टाळ्या वाजवायची. शेवटच्या दिवशी चराच्या कडेला उभं राहून काढलेला फोटो अजून विभागाच्या भिंतीवर आहे.

जुलैमध्ये चार मुलांना घेऊन एसटीने गेले. सगळ्यात लांब चर, साठ मीटरचा, एका टोकाला फुटला होता. नुसता फुटला नव्हता. तिथून खाली शेताच्या बांधापर्यंत गुडघाभर खोल नवी ओघळ पडली होती. आमच्या आधी ती तिथे नव्हती. खालच्या शेतात मुरूम पसरला होता, नुकत्याच उगवलेल्या बाजरीवर.

गावात रोजगार हमीवर मुकादमी केलेले एक आजोबा आहेत. ते आमच्याबरोबर वर आले, चराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न बोलता चालत गेले आणि म्हणाले, "मॅडम, तुमचा चर उताराला लागलाय. पाण्यानं वाट धरली."

नजरेला आडवी वाटणारी दोरी आडवी नसते. नंतर मोजलं तेव्हा साठ मीटरमध्ये जवळजवळ चाळीस सेंटिमीटरचा फरक निघाला. चर खरोखर समपातळीत असेल तर पाणी त्यात थांबतं आणि जिरतं. एक टोक खाली असेल तर त्याचा पाट होतो. सगळ्या उताराचं पाणी आपण गोळा करतो आणि एका जागी सोडतो. काहीच केलं नसतं तर ते पाणी पसरून वाहिलं असतं. आमच्या श्रमदानाने एका माणसाच्या शेताचं नुकसान झालं होतं. मी त्यांच्या घरी गेले. ते चहा घ्या म्हणाले, दुसरं काही बोलले नाहीत. त्या चहाची चव अजून जिभेवर आहे.

म्हणून दुसऱ्या वर्षापासून पहिल्या दिवशी हत्यार हातात द्यायचं नाही, हा नियम झाला. पहिला दिवस फक्त ए-फ्रेमचा, म्हणजे समपातळी शोधायच्या बांबूच्या चौकटीचा. मुकादम आजोबांनीच शिकवलं. पुरुषभर उंचीचे दोन बांबू वर बांधायचे, खाली पाय फाकवून मध्ये आडवी काठी बांधायची. शेंड्यातून दोरी सोडून तिला दगड टांगायचा. दोन खुंट्यांवर फ्रेम उभी करायची, दोरी आडव्या काठीला जिथे लागते तिथे खूण करायची. मग पायांची अदलाबदल करून पुन्हा खूण. दोन खुणांच्या बरोबर मधला बिंदू म्हणजे समपातळी. त्यानंतर एक पाय जमिनीवर टेकलेला ठेवायचा, दुसरा वरखाली सरकवत दोरी मधल्या खुणेवर आणायची, तिथे दगड ठेवायचा, फ्रेम फिरवायची आणि पुढे जायचं. पावलागणिक.

दोन गोष्टी कुणी आधी सांगितल्या नव्हत्या. एक म्हणजे दुपारी माळावर वारा सुटतो आणि टांगलेला दगड हलत राहतो. रेष सकाळी आठ ते अकरामध्येच मारायची आणि दगड चांगला किलोभर वजनाचा घ्यायचा. दुसरं, रेष वाकडी दिसते. खूप वाकडी. ओघळ आली की आत वळते, उंचवटा आला की बाहेर येते. मुलांना ते सहन होत नाही. मी पाठ फिरवली की कुणीतरी दोन दगड उचलून रेष "नीट" करायचं. मग मी त्यांना त्या ओळीवरून चालायला लावलं, दगडांवर डोळा ठेवून, सावकाश. चढ नाही, उतार नाही. पायांना ते डोळ्यांआधी पटतं.

त्या कामात एक मुलगा सापडला. वाणिज्य शाखेचा, गटात कधी न मिसळणारा, श्रमदानाला मागेमागे राहणारा. दोरी काठीला नक्की कुठे लागतेय हे त्याच्याइतकं शांतपणे कुणी बघत नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून इतर गट त्याला हाका मारायला लागले. तो पुढच्या वर्षी स्वतःहून नाव द्यायला आला.

मुलं हाताळण्याबद्दल मला फार काही सांगायचं नाही, पण एक सांगते. पहिल्या वर्षी, कुणी न सांगता, मुलग्यांनी टिकाव घेतले आणि मुली घमेली वाहायला लागल्या. मला ते तिसऱ्या दिवसापर्यंत दिसलंच नाही. इतकं ते सवयीचं आहे. दुसऱ्या वर्षी दहा-दहाचे पाच गट केले आणि प्रत्येक गटात वीस-वीस मिनिटांची पाळी लावली: टिकाव, फावडं, घमेलं, विश्रांती. शिट्टी माझ्या हातात. मुलग्यांपैकी दोघातिघांनी कुरकुर केली. मग सांगोल्याकडच्या एका मुलीने टिकाव हातात घेतला. तिची आई रोजगार हमीवर जायची, शाळेच्या सुट्टीत ही बरोबर असायची. ती टिकाव उचलायची आणि सोडून द्यायची. मारायची नाही. वरचा हात दांड्यावरून खाली सरकायचा आणि टिकावाचं वजन मुरमात शिरायचं. जोर लावून मारणाऱ्या मुलग्यांच्या तळव्यांना खणायच्या पहिल्याच दिवशी फोड आले होते, हिचे हात कोरडे. संध्याकाळी तिच्याभोवती शिकायला घोळका होता. त्यानंतर पाळीबद्दल कुणी बोललं नाही.

दगडांबद्दलही. माणच्या माळावर दगडाखाली विंचू असतोच, फुरसंही असू शकतं. दगड हाताने उपटायचा नाही. पहारीने, आणि पलीकडची कड आपल्याकडे उचलून, म्हणजे आतलं जे असेल त्याला आपल्यापासून दूर जायला वाट राहते. पायात बूट, चपलेवाल्याला चराकडे पाठवायचं नाही. शिबिराच्या आधी मी स्वतः ग्रामीण रुग्णालयात जाऊन सर्पदंशाचं औषध आहे का, रात्री कोण असतं, हे विचारून यायचे. चार वर्षांत एकदाच एका मुलाला विंचू चावला, तोही शाळेच्या न्हाणीघरात.

आता धनगर आबांची गोष्ट.

दुसऱ्या वर्षीचा तिसरा दिवस. "माथा ते पायथा" हे पाणलोटाचं सूत्र मी पाठ केलेलं. आधी वरचं काम, मग खालचं. म्हणून आम्ही थेट वरच्या सपाट माळावर रेष मारत होतो. आबा मेंढरं घेऊन आले, बराच वेळ काठीवर हनुवटी टेकून बघत राहिले आणि मग माझ्याकडे आले.

"बाई, हितं कशापायी खणतायसा?"

"पाणी जिरावं म्हणून, आबा. मग झाडं लावणार फॉरेस्टवाले."

"हितं पाणी जिरतंयच की. वाहून गेल्याली जागा दावा बरं."

मी शोधली. सापडेना. माळ गवताने झाकलेला होता. डिसेंबरात वाळून पिवळा पडलेला, पण मुळं घट्ट. आबांनी काठीने दाखवत नावं घेतली: पवन्या, मारवेल, कुसळी. कुठलं मेंढराला आवडतं, कुठलं फक्त कोवळं असतानाच चालतं. "ही जागा उपटलीसा तर कुसळी तेवढी ऱ्हाईल. आन् खाली बघा की, तितं गवात हाय का?" खालच्या उतारावर, जिथे गुरांची वाट होती आणि कधीतरी कुणी मुरूम उचलून नेला होता, तिथे जमीन उघडी होती. सगळ्या ओघळी तिथून निघत होत्या.

मी वनस्पतीशास्त्राची शिक्षिका. मारवेल आणि पवन्याची शास्त्रीय नावं फळ्यावर लिहून देते. आणि तरीही त्या दिवसापर्यंत मला तो माळ म्हणजे झाडं नसलेली, म्हणून काहीतरी करायला हवी अशी जागा वाटत होता. आपल्या सगळ्यांच्या डोक्यात हे बसलं आहे. सरकारी नोंदींतही असे माळ वर्षानुवर्षं पडीक म्हणून लागत आले. पण दख्खनच्या गवताळ माळावर लांडगा राहतो, खोकड राहते, टिटवी आणि धाविक उघड्या जमिनीवर अंडी घालतात. तिथे चर खणून दाट झाडं लावली तर त्यांचं घर जातं. गवताची मुळं पाणी धरतात, तेही टिकाव न लागता.

मी त्या दिवशी काम थांबवलं. वनरक्षकाला बोलावून घेतलं, आबांचं म्हणणं ऐकवलं. त्याने डोकं खाजवलं, कारण त्याच्या आराखड्यातही वरून सुरुवात लिहिलेली होती. पण तो स्थानिक होता, त्याला पटलं. साहेबांशी बोलून त्याने आम्हाला खालच्या उघड्या पट्ट्यात हलवलं. मुलं हिरमुसली. सकाळभर मारलेली दीडशे मीटर रेष सोडून द्यायची म्हणजे काय? मी त्यांना ते दगड परत उचलून जिथले तिथे ठेवायला सांगितलं. त्याला तास गेला. त्या वर्षी आमचे चर झाले फक्त १८० मीटर. अहवालात आकडा लहान दिसतो म्हणून वरून फोनही आला. मी कारण लिहून पाठवलं, एक पान भरून. त्याचं उत्तर आलं नाही.

याच शिबिरात आणखी एक प्रश्न समोर आला, आणि तो मला आजही सोडत नाही. रात्रीच्या कार्यक्रमाला आलेल्या बायकांपैकी एकीने निघताना सरळ विचारलं, "ताई, शिकलेली पोरं फुकट खणायला लागली, तर आमच्या रोजाचं काय व्हायचं?" १९७२ च्या दुष्काळातून महाराष्ट्रात रोजगार हमी उभी राहिली, देशाच्या कायद्याच्या कितीतरी आधी. या गावातल्या कित्येक घरांनी त्या कामांवर खडी फोडून आणि नालाबांध घालून दिवस काढले. समतल चर हे त्या योजनेतलंच काम. आम्ही सात दिवस हौसेने खणलेला चर म्हणजे कुणाची तरी बुडालेली हजेरी असू शकते, हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

तेव्हापासून शिबिराच्या दोन महिने आधी मी ग्रामरोजगार सेवकाकडे बसते. कुठली कामं मंजुरीच्या यादीत आहेत ते बघते आणि ती सोडून उरलेली घेते. मोठे चर त्यांचे. आमच्याकडे येतात लहान ओघळींमधले अनघड दगडी बांध, जुन्या चरांतला गाळ काढणं, फुटलेल्याची डागडुजी. त्यात फोटो चांगले येत नाहीत. पण मुलांना शिकायला यासारखं काम नाही.

दगडी बांध दिसतो त्याहून अवघड असतो. तिसऱ्या वर्षी सगळा वेळ त्यातच गेला. ओघळीच्या वरच्या तोंडापासून सुरुवात करायची. आधी पाया खणायचा, मोठे दगड खाली, बारीक दगड पोटात, पुन्हा मोठे अंगावर. पाणी येतं त्या बाजूचा उतार उभा चालतो, खालच्या बाजूचा मात्र सपाट, लांबवलेला हवा. नाहीतर वरून पडणारं पाणी पायाच उकरतं. माथा मध्यभागी खोलगट ठेवायचा. मुलं नेहमी मध्ये उंच करतात, किल्ल्यासारखं. मग पाणी कडेने जातं आणि काठ खातं. प्रत्येक दगड हातात फिरवून बघायचा, हलतो का ते पायाने दाबून बघायचं. पाच जणांचा गट चार तासांत एखादा मीटर पुढे जातो. पहिले दोन दिवस मुलं कंटाळतात. तिसऱ्या दिवशी भाकरी-पिठलं खाताना ती एकमेकांशी दगडांबद्दल बोलायला लागतात, हा चपटा तिथे बसला असता, तो गोटा मी उगाच घेतला. मला वर्गात वर्षभर शिकवून असं बोलणं ऐकायला मिळत नाही.

पहिल्या वर्षी आमच्या चुकीने पडलेल्या ओघळीत आम्ही तिसऱ्या आणि चौथ्या शिबिरात मिळून तीन बांध घातले. ज्यांच्या शेतात मुरूम गेला होता त्यांचा मुलगा चौथ्या वर्षी दोन दिवस पहार घेऊन आमच्यात आला. कुणी बोलावलं नव्हतं.

परवा, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, जाऊन आले. वरचा बांध गाळाने जवळजवळ काठोकाठ भरलाय, त्यावर गवताचे ठोंब आहेत. मधला अर्धा भरलाय. खालचा डाव्या काठाकडून सुटला. तिथे पाया काठाच्या मातीत पुरेसा आत नेला नव्हता. मला आठवतं, शेवटच्या दिवशी समारोपाला पाहुणे यायचे होते आणि मी शिट्टी लवकर वाजवली होती. चार मोठे दगड दहा-बारा फूट खाली गेलेत. शेतापर्यंत पोचलेले नाहीत.

सर, तिथून सुरुवात करा. ए-फ्रेम शाळेच्या पोषण आहाराच्या खोलीत, दारामागे उभी करून ठेवली आहे. मधल्या खुणेला लाल दोरा बांधलाय, पण त्यावर विसंबू नका, बांबू वाळून वाकतो. पाय बदलून खूण नव्याने करून घ्या. मुकादम आजोबांना आता वर चढवत नाही, त्यांच्यासाठी एक खुर्ची न्या आणि ओघळीच्या खाली सावलीत बसवा. आबा कधी मेंढरं घेऊन खाली निघून जातात, म्हणून त्यांना आधीच भेटा. त्यांना साखर नसलेला चहा लागतो.